बिलावर ‘नवीन’, चाकामागे जुनं: दाद कुठे मागायची?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात राहतो. माझ्याकडे २०१२ ची छोटी पेट्रोल गाडी आहे, एमएच १९ पासिंग. आईला दर पंधरा दिवसांनी धुळ्याला दवाखान्यात न्यावं लागतं. खड्ड्यात पुढून ठकठक आवाज यायला लागला म्हणून धुळ्यातल्याच एका गॅरेजला गाडी दाखवली. पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत असं सांगून त्यांनी ते बदलले. बिल असं : शॉकअप २ नग (नवीन, कंपनी) ९,२०० रुपये, माउंटिंग २ नग १,८०० रुपये, मजुरी १,५०० आणि अलाइनमेंट ५००. एकूण १३,००० रुपये. आठ हजार यूपीआयने दिले, पाच हजार रोख. काढलेले जुने शॉकअप मला दिले नाहीत. पाच आठवड्यांत तोच आवाज परत सुरू झाला. अमळनेरच्या मिस्त्रीने चाकाच्या आत टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, हाई नवं नही शे, रंग मारेल शे.” (हे नवं नाही, रंग मारलेलं आहे.) डाव्या शॉकअपवरून तेलही ओघळलं आहे. बॉनेट उघडून पाहिलं तर माउंटिंगच्या (शॉकअप वर जिथे बसतो तिथल्या) रबराला भेगा दिसतात. धुळ्याचा मालक म्हणतो, “गाडी जुनी आहे, गॅरंटी नाही, बोर्ड वाचा. पाहिजे तर गाडी आणून सोडा, बघून घेतो.” मित्र म्हणतात पोलिसात जा. मी काय करू? शॉकअप खोलून घेऊ का? केस धुळ्याला करावी लागेल का? कधी कधी याच गाडीतून बागेतले मजूर आणि खताच्या गोण्या नेतो, तर मला ग्राहक मानतील का?

उत्तर : आधी दोन गोष्टी, आणि त्या आजच्या आज. ही गाडी चालवू नका. आणि ती घाईने खोलूही नका.

गाडी चालवू नका हे मी वकील म्हणूनही सांगतो आहे. तेल गेलेला शॉकअप स्प्रिंगची उसळी आवरू शकत नाही. खड्ड्यातून निघालेलं चाक रस्त्यावर नीट टेकत नाही आणि ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. आजारी आईला मागे बसवून असा प्रवास करायचा नाही. शिवाय तुमच्या विम्याच्या पॉलिसीत, गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घ्यावी, अशी अट असते. तेल गळतंय हे माहीत असूनही गाडी चालवली आणि अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडवायला कंपनीच्या हाती आयतं कारण मिळेल. आईच्या पुढच्या फेरीला दुसरी गाडी करा आणि त्या भाड्याची पावती जपून ठेवा.

खोलू नका असं का म्हणतो, ते जरा विस्ताराने सांगतो. तुम्ही आणि तुमचे मित्र ही ‘फसवणूक’ धरूनच चालला आहात. तुमचा राग मला कळतो. पण शॉकअप गाडीवरून उतरत नाही, तोवर तीन शक्यता उभ्या आहेत. एक, जुने शॉकअप तेल भरून, रंग मारून ‘नवीन’ म्हणून बसवले. दोन, शॉकअप खरोखर नवे होते, पण कारखान्यातूनच सदोष आले. तीन, माल नवा आणि चांगला होता, पण बसवताना बिघडवला. वरचा नट फिरवताना शॉकअपचा दांडा पकडीत धरला की त्याच्या गुळगुळीत क्रोमवर चरा पडतो. मग दांडा खालीवर होताना तोच चरा तेल अडवणारं सील कापत जातो आणि महिन्याभरात तेल बाहेर येतं. तिन्ही प्रकारांत वरून दिसतं ते सारखंच : आवाज आणि ओघळ. पण कायद्याची वाट तिन्हींची वेगळी आहे.

पहिला प्रकार निघाला, तर मालविक्री कायदा, १९३० चं कलम १५ तुमच्या बाजूने उभं राहतं. वर्णन सांगून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, ही प्रत्येक विक्रीत गृहीत धरलेली अट आहे. तुमच्या बिलावर ‘नवीन, कंपनी’ हे शब्द त्यांच्याच हाताने लिहिलेले आहेत. जोडीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. जुना, नूतनीकरण केलेला माल नवा म्हणून दाखवणं ही त्या कायद्याच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुसरा प्रकार निघाला, तर तक्रारीत शॉकअप बनवणाऱ्या कंपनीलाही सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करावं लागेल. तिसरा निघाला, तर ती सेवेतली त्रुटी, म्हणजे भांडण मजुरीच्या कामाचं. आज फसवणुकीची नोटीस पाठवली आणि उद्या शॉकअप नवा निघाला, तर समोरचा वकील तुमचीच नोटीस ग्राहक आयोगापुढे वाचून दाखवेल. म्हणून नोटिशीत फक्त जे डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं.

आणि दिसण्यासारखं तुमच्याकडे आताच काहीतरी आहे. ते भेगाळलेलं रबर. बिलात दोन नवीन माउंटिंगचे १,८०० रुपये लावले आहेत. चांगलं रबर पाच आठवड्यांत असं चिरत नाही, त्याला वर्षं जावी लागतात. ते पाहायला एक नटही फिरवावा लागत नाही. आजच दिवसाउजेडी बॉनेट उघडून फोटो काढा. एक फोटो दुरून घ्या, ज्यात इंजिन आणि दोन्ही बाजू दिसतील, मग एकेक जवळून. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे, आणि पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकून टाकला आहे.

आता मालकाच्या निमंत्रणाबद्दल. “आणून सोडा, बघून घेतो” याला भुलू नका. दुरुस्तीला दिलेली गाडी म्हणजे कायद्याच्या भाषेत निक्षेप, म्हणजे काही कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात सोपवलेली वस्तू. भारतीय करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे गॅरेजवाल्याने ती स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळायची असते, हे खरं. पण गाडी एकदा शटरच्या आत गेली की काय उतरलं आणि काय चढलं हे तुम्ही सिद्ध कसं करणार? जुने शॉकअप तुमच्या मालकीचे असूनही पहिल्या वेळी ते तुम्हाला मिळाले नाहीत, हे विसरू नका. दुसरी अडचण कलम १७० ची. ज्या वस्तूवर कारागिराने मेहनत केली, ती त्या मेहनतीचे पैसे मिळेपर्यंत अडकवून ठेवायचा हक्क त्याला असतो. आणखी तीन हजारांचं काम काढलं, तुम्ही हुज्जत घातली आणि गाडी तिथेच राहिली, असं व्हायला वेळ लागत नाही. त्यांना पाहायचं असेल तर त्यांनी अमळनेरला यावं. तसं लेखी कळवा.

हे कळवण्याचं कामच तुमची नोटीस करेल. नोटीस साध्या मराठीत लिहा. बिलाची तारीख, त्यावरचे शब्द जसेच्या तसे, दिलेली रक्कम, आज काय दिसतं, आणि मग हे वाक्य : ‘अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता अमुक ठिकाणी पुढचे दोन्ही शॉकअप उतरवले जातील, आपण किंवा आपला माणूस हजर राहावा, न आल्यास आपल्या गैरहजेरीत पंचांसमक्ष उतरवले जातील.’ तारीख नोटीस पोचल्यावर किमान दहा दिवस मिळतील अशी ठेवा. पोच मिळणाऱ्या स्पीड पोस्टाने पाठवा आणि तीच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. ग्राहक आयोगात जाण्याआधी अशी नोटीस कायद्याने सक्तीची नाही. पण तुमच्या प्रकरणात ती पाठवलीच पाहिजे, कारण नंतर ‘आमच्या पश्चात पार्ट बदलला’ हा त्यांचा बचाव हिच्यापुढे टिकणार नाही.

त्या दिवशी अमळनेरच्या मिस्त्रीखेरीज आणखी एक जाणता माणूस हवा. मिस्त्री प्रामाणिक असेल, पण समोरचा त्याला धंद्यातला प्रतिस्पर्धी म्हणेल. विम्याच्या कामाचा परवानाधारक सर्व्हेअर किंवा शासकीय तंत्रनिकेतनातले यंत्र विभागाचे प्राध्यापक फी घेऊन लेखी अहवाल द्यायला तयार झाले, तर उत्तम. व्हिडिओ न थांबवता काढा : नंबरप्लेट, मग चाक, मग शॉकअप जागेवर असताना, मग उतरताना. उतरवलेल्या शॉकअपवर काय पाहायचं ते सांगतो. पार्ट नंबर दोन्ही बाजूंचे जुळतात का. रंगाखाली गंजाचे फोड आहेत का. नळीवर कुठे वेल्डिंगचा ठिपका आहे का, कारण जुन्या शॉकअपला भोक पाडून तेल भरतात आणि ते भोक वेल्डिंगने बुजवतात. कारखान्यातून आलेल्या नळीवर असा ठिपका सहसा नसतो. दांड्यावर पकडीचा चरा आहे का, हेही पाहा. तो असेल तर तिसऱ्या शक्यतेकडे बोट जातं आणि अहवालात तेही प्रामाणिकपणे आलं पाहिजे.

मग तिथेच साधा पंचनामा लिहा, दोन पंचांच्या सह्या घ्या आणि शॉकअप न पुसता गोणपाटात बांधून लाखेने सील करा. न पुसता, हे पुन्हा सांगतो. माझ्याकडे एक शेतकरी ट्रॅक्टरचा पंप घेऊन आले होते, डिझेलने लख्ख धुतलेला. वकिलाकडे घाण वस्तू कशी न्यायची, असं त्यांना वाटलं. ज्या गळतीबद्दल त्यांची तक्रार होती, तिची खूण त्यांनीच धुऊन टाकली होती. ते प्रकरण आम्हाला कमी पैशांत मिटवावं लागलं आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

बोर्डाचं म्हणाल, तर ‘गॅरंटी नाही’ म्हणणं वेगळं आणि नवं सांगून जुनं देणं वेगळं. गॅरंटी नाही याचा अर्थ फार तर एवढाच की, ठरावीक महिने चालेलच अशी हमी नाही. ‘नवीन’ हा बिलावरचा शब्द भिंतीवरच्या बोर्डाने पुसला जात नाही. गाडी तेरा-चौदा वर्षांची असेल, पण पैसे नव्या शॉकअपचे घेतले. सदोष माल परत घेऊन किंवा सदोष सेवा मागे घेऊन पैसे परत द्यायला बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत नकार देणं, हीदेखील अनुचित व्यापारी प्रथाच आहे. तुमचे पाच आठवडे झाले आहेत, म्हणून या उपकलमावर भर देऊ नका. ‘नवीन’ या शब्दावर द्या.

मजूर आणि गोण्यांची काळजी सोडा. व्यापारी हेतूने सेवा घेतली तर ग्राहक मानत नाहीत, हे खरं आहे. पण पाहायचा असतो तो वापराचा मुख्य हेतू. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लीलावती ट्रस्टच्या प्रकरणात तेच सांगितलं आहे. तुमची गाडी खासगी नोंदणीची, मुख्य वापर घरचा. आणि स्वतः कष्ट करून पोट भरण्यासाठी केलेला वापर कायद्यानेच व्यापारी हेतूतून वगळला आहे. तक्रारीत हा वापर लपवू मात्र नका.

केस धुळ्याला करायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने कलम ३४ मध्ये तक्रारदार जिथे राहतो तिथेही दाद मागायची सोय केली. तुमच्यासाठी जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरून भरता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वाद नको म्हणून ती बिलाच्या तारखेपासूनच मोजा. यूपीआयचे आठ हजार बँकेच्या उताऱ्यावर दिसतील, रोख पाच हजारांसाठी बिलावर पैसे मिळाल्याची सही असेल तर ती दाखवा. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश लावाल तेव्हा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा.

पोलिसांकडे आत्ता जाऊ नका. शॉकअप उतरल्यावर मुद्दाम केलेली बनवाबनवी स्पष्ट दिसली, तर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आहेच. आधी गेलात तर ‘हा पैशांचा वाद आहे’ हेच ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त, आणि दरम्यान समोरचा सावध होईल.

मागणी काय करायची? बिलाचे १३,००० रुपये, अहवालाची फी, दुसऱ्या गाडीचं भाडं, तक्रारीचा खर्च आणि त्रासाबद्दल वाजवी रक्कम. पुढचे टायर जागोजागी झिजले असतील तर तेही मागता येईल, पण टायर आधीच किती झिजले होते हा प्रश्न येईल. टायरवाल्याकडून लेखी घ्या, नाहीतर तो मुद्दा सोडा. लाखा-दोन लाखांची भरपाई लिहू नका. अशा फुगवलेल्या आकड्याने खऱ्या तेरा हजारांवरचा विश्वास उडतो. आणि नोटीस मिळाल्यावर मालकाने पूर्ण रक्कम परत द्यायची तयारी दाखवली, तर घ्या, लेखी तडजोड करा आणि मिटवा. तुम्हाला गाडी आईसाठी हवी आहे.

शॉकअप उतरले त्याच दिवशी नवे बसवून घ्या, केस संपेपर्यंत थांबू नका. दोन्ही बाजूंचे एकदम, एकाच कंपनीचे, आणि सोबत माउंटिंग, बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारं रबर), धुळीचा बूटही (दांड्यावरचं आवरण) नवा. नंतर अलाइनमेंट, त्याच्या छापील कागदासह. या वेळी खोके तुमच्यासमोर उघडू द्या, खोक्यावरचा पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या आणि रिकामी खोकी घरी आणा. नोटिशीची प्रत आणि पंचनाम्याचा मसुदा पाठवण्याआधी मला दाखवलात तर मी वाचून देईन.