दुसरी लेन्स घेण्यापूर्वी

नवा कॅमेरा हाती आल्यावर दुसऱ्या लेन्सचा विचार निदान सहा महिने बाजूला ठेवावा आणि आधी कॅमेऱ्यातील प्रकाशमापक कुठे फसतो, हे समजून घ्यावे, असे मी आपणास सुचवीन. समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून तो मोजमाप करतो. त्यामुळे पांढरे धोतर, सदरा आणि टोपी घातलेल्या वारकऱ्यांनी चौकट भरली की कपडे मळकट उमटतात आणि चेहरे काळवंडतात. आळंदीला माझी दिवसभराची छायाचित्रे अशीच वाया गेली होती. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मापकाने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करण्याची सोय) +१ च्या आसपास न्यावे. काळ्या म्हशीसाठी नेमके उलट करावे.

घरच्या सरावासाठी स्टीलचा तांब्या खिडकीशी ठेवून सकाळी, भर दुपारी आणि सायंकाळी एकाच जागेवरून टिपावा, म्हणजे चकाकी कुठे सरकते आणि सावलीची कड केव्हा मऊ होते, हे डोळ्यांना कळू लागते. (घरचे हसतात, त्याला इलाज नाही.) चालत्या माणसांसाठी शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवावा आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० पर्यंत वाढवावा लागला, तरी कचरू नये.