रस्ता रुंद करूनही वर्षा-दोन वर्षांत पुन्हा कोंडी का होते?

कारण गर्दीच्या वेळी रस्ता वापरायची किंमत पैशात नाही, वेळेत मोजली जाते. रुंदीकरणाने ती किंमत उतरली की आधी बस-रेल्वेने जाणारे, वेळ टाळणारे, आडवाटेने जाणारे असे सगळे त्याच रस्त्यावर येतात. हे काही महिन्यांत घडतं. जमिनीचा परिणाम सावकाश होतो, पण तोच जास्त टिकतो: प्रवास सोपा झाल्याने शहराबाहेरच्या जमिनीचे भाव चढतात, तिथे वसाहती उभ्या राहतात आणि रोजचं अंतर कायमचं वाढतं. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ साली अमेरिकी महानगरांबद्दल दाखवलं की आंतरराज्य महामार्गांची लांबी (प्रत्येक मार्गिका म्हणजे लेन वेगळी मोजून) १ टक्का वाढली की त्यावरची वाहतूकही साधारण १ टक्काच वाढते.

माझ्या मते खरा उपाय गर्दीच्या वेळेचं शुल्क. स्टॉकहोममध्ये २००६ च्या चाचणीत शुल्क-सीमेवरची (जी ओलांडताना शुल्क द्यावं लागतं, त्या शहराच्या मध्यभागाभोवतीच्या सीमेवरची) वाहतूक सुमारे २० टक्के घटली, चाचणी थांबताच बरीचशी परतली, आणि सार्वमतानंतर २००७ पासून शुल्क कायम झालं. मात्र शुल्क लावण्याआधी बसफेऱ्या वाढवायलाच हव्यात (तिथे तसंच केलं होतं), नाहीतर ज्यांना पर्याय नाही त्यांच्यावरच सगळा भार पडतो.