फ्रेस्को आणि भित्तिचित्र

प्रश्न असा आहे : व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलमधल्या मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याय’ला कुणी फ्रेस्को म्हणतात, कुणी भित्तिचित्र. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि अजिंठ्याच्या चित्रांना फ्रेस्को म्हटले तर चालेल का?

अर्थ एक नाही. भिंतीवर कशानेही काढलेले चित्र ते भित्तिचित्र. वारलीही त्यात आली. फ्रेस्कोची अट मात्र कडक आहे : गिलावा ओला हवा. इटालियनमध्ये फ्रेस्को म्हणजे ताजा. चुन्याचा शेवटचा पातळ थर भिंतीवर चढवायचा आणि तो सुकण्याआधी नुसत्या पाण्यात कालवलेले रंग त्यावर लावायचे. डिंक, अंडे, तेल काही नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगड बनतो आणि रंग त्यातच कायमचा बसतो. म्हणून त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा. अशा तुकड्याला इटालियन कारागीर ‘जोर्नाता’ म्हणतात, म्हणजे दिवसभराचे काम. ‘अंतिम न्याय’ (१५३६–४१) सुमारे ४५० जोर्नातांचा आहे.

याच भिंतीवरून काम सुरू होण्याआधी वादही झाला. सेबास्तियानो देल प्योंबो या चित्रकाराने पोपला पटवून ती तैलरंगांसाठी तयार करवून घेतली होती. मायकेलअँजेलोने तो थर उतरवायला लावला. तैलरंग हे बायकांचे आणि आळशांचे काम, असे तो म्हणाल्याचे चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या व्हासारीने लिहून ठेवले आहे. बायकांबद्दलचे मत सोडून देऊ. पण ओल्या चुन्यावर मारलेला फटकारा मागे घेता येत नाही, आणि त्याचा अभिमान त्या बोलण्यात आहे.

१५६४ मध्ये चर्चने चित्रातली नग्नता झाकायचे ठरवले. दानिएले दा व्होल्तेरा या चित्रकाराने बहुतेक वस्त्रे सुकलेल्या चित्रावर वरून रंगवली. संत कॅथरीन आणि संत ब्लेझ यांच्या आकृती होत्या तिथे मात्र त्याने मूळ गिलावा छिन्नीने काढला आणि नव्या ओल्या गिलाव्यावर फ्रेस्को केला. वरून दिलेला रंग निदान उतरवता तरी येतो. इथे खाली मूळ चित्रच उरले नाही. या दोन कृतींना एकच शब्द वापरला तर केवढे नुकसान झाले ते वाचकाला कळणारच नाही.

लिओनार्दोचे मिलानमधले ‘शेवटचे भोजन’ भित्तिचित्र आहे, फ्रेस्को नव्हे. त्याने ते कोरड्या भिंतीवर रंगवले, आणि काही वर्षांतच रंगाचे पोपडे सुटू लागले.

अजिंठ्याचेही तसेच. तिथे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात आहे आणि सुकलेल्या पृष्ठभागावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग आहेत. त्यांना भित्तिचित्रेच म्हणावे. फ्रेस्कोसाठी ‘भित्तिलेपचित्र’ असा शब्द आहे, पण त्यात ओलेपणा कुठेच येत नाही. मी सरळ ‘फ्रेस्को’ लिहितो.