दोन वर्षांच्या मुलीची कार सीट आता पुढे तोंड करून बसवावी का?

मुलगी 12 किलोची आहे, पाय गाडीच्या सीटच्या पाठीला टेकतात, म्हणून कार सीट फिरवावी का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात फिरवू नका. पाय टेकले म्हणजे सीट लहान झाली असं नाही; मुलं मांडी घालून किंवा गुडघे दुमडून मजेत बसतात. मागे तोंड करून बसवण्याची वजन-उंचीची कमाल मर्यादा सीटच्या लेबलवर छापलेली असते. ती गाठेपर्यंत आहे तसंच राहू द्या.

या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. गाडी समोरून धडकली की पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचं धड पट्टे धरून ठेवतात, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर डोकं, मान, पाठ एकदमच सीटच्या पाठीवर दाबली जातात.

त्यापेक्षा पट्टे नीट बघा, कारण तिथे फार जण चुकतात. आधी कंबरेशी साचलेला सैलपणा वर ओढून घ्या, मग पट्टे आवळणारी पुढची पट्टी ओढा. आता खांद्याजवळ, गळ्याच्या हाडापाशी, पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. घडी पकडता आली तर तो अजून सैल आहे; बोटं नुसती घसरली पाहिजेत. मागे तोंड असताना पट्टा खांद्याच्या पातळीवरून किंवा जरा खालून यावा. पुढे फिरवाल तेव्हा पातळीवरून किंवा जरा वरून. जाड जॅकेट आधी काढा. धडकेच्या वेळी त्यातलं फुगीर अस्तर दबतं आणि घट्ट वाटलेला पट्टा ढिला पडतो. थंडी असेल तर पट्टे बांधून झाल्यावर वरून पांघरूण घाला.

गाडीचा पट्टा किंवा आयसोफिक्स (गाडीतल्या कड्यांना कार सीट थेट अडकवायची सोय) जिथे अडकतो, तिथे सीट धरून हलवा. 2.5 सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा आवळा. वरची बाजू थोडी डुलली तर हरकत नाही. आणि समोरची एअरबॅग चालू असेल तर मागे तोंडाची सीट पुढच्या आसनावर कधीही ठेवू नका. उघडणारी एअरबॅग थेट मुलाच्या डोक्यामागे आदळते.

पुढे तोंड करून बसवाल तेव्हाही कार सीटचे हेच पट्टे वापरायचे. सीटला वरचा टेदर (सीटची वरची बाजू गाडीला बांधणारा पट्टा) असेल तर तोही अडकवा. पुढे तोंड करून बसवण्याची मर्यादाही संपली की बूस्टर (मुलाला उंच बसवणारी सीट, जिच्यावर गाडीचाच पट्टा लावतात), साधारण 145 सेंटीमीटर उंची होईपर्यंत.