ग्रंथालयाच्या तासाला सहावीच्या मुलांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची कोणती गोष्ट सांगू? मला लिंकनचं 'हेडमास्तरांना पत्र' तेवढं माहीत आहे.

मीही शाळेचं ग्रंथालय सांभाळते. ते पत्र आमच्या भिंतीवरही होतं. मजकूर सुंदर आहे, पण तो लिंकनचा नाही. त्यांच्या संग्रहित लेखनात ते पत्र कुठेच सापडत नाही. वाचून दाखवा हवं तर, पण लिंकनच्या नावावर नको.

त्यांनी खरोखर लिहिलेलं एक पत्र आहे, ते सांगा. तेही एका मुलीला लिहिलेलं, तुमच्या मुलांच्याच वयाच्या.

न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्डची ग्रेस बेडेल, वय वर्षं 11. वडिलांनी जत्रेतून लिंकनचं चित्र आणलं. ते पाहून तिने 15 ऑक्टोबर 1860 ला, निवडणूक तीन आठवड्यांवर असताना, थेट त्यांनाच कळवलं: तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवा, खूप छान दिसाल. मला चार भाऊ आहेत. काही तुम्हाला मत देणारच आहेत, दाढी ठेवलीत तर उरलेल्यांनाही मी वळवीन. बायकांना दाढी आवडते, त्या नवऱ्यांच्या मागे लागतील!

इथे जरा थांबा. 'नवऱ्यांच्या मागे का? स्वतःच मत द्यायचं ना!' असं कुणीतरी विचारेलच. कुणी नाही विचारलं तर तुम्ही विचारा. बायकांचा मताधिकार अमेरिकेच्या घटनेत यायला 1920 उजाडलं.

तिने 'तुम्हाला माझ्याएवढ्या मुली आहेत का?' असंही विचारलं होतं. चारच दिवसांत त्यांनी उत्तर लिहिलं. मुलगी नाही याचं वाईट वाटतं, तीन मुलगे आहेत, 17, 9 आणि 7 वर्षांचे. आणि दाढी? आजवर कधी ठेवली नाही, आता ठेवली तर लोक त्याला थिल्लरपणा म्हणणार नाहीत का? म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. इतक्या धामधुमीत अकरा वर्षांच्या पोरीला उलट प्रश्न विचारणारा हा माणूस मला फार आवडतो.

फेब्रुवारी 1861 मध्ये शपथविधीसाठी वॉशिंग्टनला जाताना त्यांची गाडी वेस्टफील्डला थांबली. त्यांनी गर्दीत ग्रेसची चौकशी केली आणि खाली उतरून तिला भेटले. तोवर दाढी वाढली होती!

1860 मधला गुळगुळीत चेहऱ्याचा आणि 1861 मधला दाढीवाला, असे दोन फोटो शेजारी लावा, पण शेवटी. आधी दाखवलेत तर गंमत जाते. ग्रेसचं मूळ पत्र आज डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयाने जपलंय, हेही जरूर सांगा, तास ग्रंथालयाचाच आहे.