रिमॅप आत्ता नको, आधी नळ्या तपासा

चाळीसगावच्या भाऊंचा प्रश्न असा आहे: २०१२ ची स्विफ्ट डिझेल, रनिंग १ लाख ४० हजार. संभाजीनगरला जाताना कन्नडच्या घाटात दुसऱ्या गियरवर आणावी लागते. एकाने सांगितलं, ‘ईसीयूची चिप मारून देतो, पंधरा-वीस बीएचपी वाढतील.’ करावं का?

भाऊ, आत्ता नका करू. चिप मारणं म्हणजेच रिमॅप, इंजिन चालवणाऱ्या संगणकातला (ईसीयूतला) प्रोग्राम बदलणं. तुम्हीच लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी हीच गाडी हाच घाट तिसऱ्यावर आरामात चढायची. ईसीयूतला प्रोग्राम काही वयाने झिजत नाही, गाडी शोरूममधून निघाली तेव्हा होता तोच आजही आहे. तेव्हा ७५ बीएचपी ताकद आणि २००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर होता. त्यातला काही कुठेतरी गळतोय. तो शोधायच्या आधी रिमॅप केला तर दुखणं झाकलं जातं आणि आत वाढत राहतं.

हे मी भोगलंय. माझ्याकडे याच १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनाची २००९ ची गाडी होती. तीही अशीच मंदावली आणि मी थेट रिमॅप करून घेतला. पहिले पंधरा दिवस गाडी अशी पळाली की घरच्यांना मुद्दाम भुसावळपर्यंत फिरवून आणलं. मग चढावर काळा धूर सुटायला लागला. तिसऱ्या महिन्यात पाच माणसं आणि सामान घेऊन कन्नड घाट चढताना आरपीएम चढतोय पण गाडी सरकत नाही, असं झालं. आत जळका वास पसरला. क्लच घसरला होता. आई मागच्या सीटवर होती, मागे ट्रकांची रांग, आणि गाडी लावायला कडेला जागा नाही.

क्लच टाकायला गाडी जळगावला अजिंठा चौफुलीजवळच्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या टर्बोकडून ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी नळीखालून बोट फिरवलं आणि तेलाने काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं. म्हणाले, “हाई नळी दख भाऊ.” वरून नळी चांगली दिसत होती. त्यांनी ती मुठीत दाबली तेव्हा क्लॅम्पच्या अगदी कडेला बोटभर चीर उघडली. मूठ सोडली की चीर बंद. सगळा बिघाड तेवढाच होता.

त्याने काय होतं ते समजून घ्या. हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरपाशी असतो. नळी त्याच्या पुढे फाटलेली. म्हणजे मोजलेली हवा अर्ध्या वाटेत बाहेर जाते आणि ईसीयू मात्र ती पूर्ण पोचली असं धरून डिझेल सोडतो. हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून धूर. त्यावर रिमॅपने आणखी डिझेल वाढवलं. एक्झॉस्टचं तापमान वाढतं, टर्बो कमी पडलेला दाब भरून काढायला जास्त फिरतो, आणि वाढलेला टॉर्क लाखभर किलोमीटर चाललेल्या क्लचवर येतो. नळी बदलली, क्लच बदलला, गाडी मूळ प्रोग्रामवर आणली आणि घाट पुन्हा तिसऱ्यावर चढायला लागला. मूळ प्रोग्रामवर आणतानाही त्रास झालाच, कारण रिमॅप करणाऱ्याने माझ्या गाडीची मूळ फाईल जपून ठेवलीच नव्हती. याचा मला आजही राग आहे.

तेव्हा तुम्ही आधी टर्बोच्या सगळ्या नळ्या दाबून पाहा. मग एअर फिल्टर, आपल्याकडच्या धुळीत तो पुस्तकात लिहिलंय त्याच्या कितीतरी आधी भरतो. डिझेल फिल्टर, ईजीआर व्हॉल्व्हमधली (एक्झॉस्टचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी, आणि इंजेक्टरची रिटर्न टेस्ट. चारपैकी एका इंजेक्टरचं डिझेल बाकीच्यांपेक्षा जास्त परत येत असेल तर तो गेलेला समजा. स्कॅनर लावून चढावर टर्बोचा प्रत्यक्ष दाब ईसीयू मागतो तेवढा येतोय का, हेही पाहून घ्या. हे काम कुठलाही जाणता मिस्त्री अर्ध्या दिवसात करतो.

आणि गाडी नेमकी मे महिन्यात मंदावते का, हे लक्षात ठेवा. १५ अंशाच्या हवेपेक्षा ४५ अंशाच्या हवेत त्याच मापात साधारण ९ टक्के प्राणवायू कमी असतो. वर एसी चालू. थोडी सुस्ती तर जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात नव्या गाडीलाही येते.

सगळं तपासून गाडी ठणठणीत निघाली आणि तरीही ताकद हवी असेल, तर रिमॅपने टर्बो डिझेलला खरंच फरक पडतो. २० टक्क्यांच्या आसपास वाढ सहज मिळते. (बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीवर मात्र पैसे घालवू नका, तिथे हाती फारसं काही लागत नाही.) पण क्लच नवा हवा. वाढ थोडीच मागा, आणि मुख्यतः १८०० ते ३००० आरपीएममध्ये. करणाऱ्याने आधी तुमच्याच ईसीयूतली मूळ फाईल काढून तुम्हाला पेन ड्राइव्हवर द्यावी. नवा प्रोग्राम ईसीयूत लिहिणं चालू असताना बॅटरीला चार्जर लावलेला असावा, मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू निकामी होऊ शकतो. रेल प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये डबी बसवून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. ती डबी ईसीयूला रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, खोटा दाखवून जास्त डिझेल सोडायला लावते.

कायद्याचंही बघा. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी आड येऊ शकतो. शिवाय २०२७ मध्ये तुमच्या गाडीला १५ वर्षं होतील. नोंदणी वाढवताना गाडीची तपासणी होते, आणि धूर ओकणारी गाडी तिथे अडते.

या रविवारी नळ्या पाहाच. आणि चढावर धूर काळा येतो, पांढरा येतो की येतच नाही, तेवढं इथे कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.