उंची कमी म्हणून कीपरला काढलं: कोल्हापूरच्या एका आईला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं आणि खरं सांगू का, त्यातली दाराच्या चौकटीवरच्या रेघांची गोष्ट दोन दिवस डोक्यातून गेली नाही. पोरगा दर रविवारी सकाळी चौकटीला पाठ लावून उभा राहतो, डोक्यावर कंपासपेटी आडवी धरतो, तुम्हाला पेन्सिलने रेघ मारायला लावतो, आणि गेल्या चार रेघा एकावर एकच आल्या म्हणून न जेवता आत जाऊन बसतो. वय पंधरा, यंदा दहावी, उंची पाच फूट तीन इंच, पेठेतल्या पोरांबरोबर सहा वर्षं गोलात उभा राहतोय, शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरात थांबत नाही. आणि निवड चाचणीत सगळं बघून झाल्यावर त्याला सांगितलं की हात चांगले आहेत पण कीपरला हाइट लागते, पुढच्या वेळी पोझिशन बदलून ये. आता तो म्हणतो उंचीची पावडर मागवा, त्याचे बाबा म्हणतात फुटबॉल बंद, दहावी बघ, आणि तुम्ही विचारताय की ह्या दोघांच्या मधे मी काय करू.

आधी एका माणसाची गोष्ट सांगतो, ती पोराला आणि त्याच्या बाबांना दोघांना एकत्र बसवून वाचून दाखवा.

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात फ्रिउली म्हणून भाग आहे, तिथल्या मारियानो देल फ्रिउली ह्या छोट्या गावात २८ फेब्रुवारी १९४२ ला दिनो झोफ जन्मला, पुढे इटलीचा गोलकीपर झाला तो. घर शेतकऱ्याचं. पोराला लहानपणापासून गोलातच उभं राहायचं होतं. चौदाव्या वर्षी इंटर मिलान आणि युव्हेंटस ह्या दोन्ही मोठ्या क्लबांनी त्याला बघितलं आणि दोघांनीही परत पाठवलं, कारण एकच, उंची कमी. तुमच्या पोराला जे ऐकावं लागलं तेच, अगदी तेच. मग तिकडे अशी गोष्ट सांगतात की आजीने, आदेलाइदे तिचं नाव, ठरवलं की नातवाला रोज आठ अंडी खायला घालायची, आणि पुढच्या पाच वर्षांत पोरगा तेहतीस सेंटिमीटर वाढला. म्हणजे एक फुटाच्याही वर. मोठेपणी त्याची उंची १८२ सेंटिमीटर, आपल्या भाषेत जवळजवळ सहा फूट.

आता लगेच अंड्यांचे ट्रे आणायला पाठवू नका कुणाला. तो अंड्यांमुळे वाढला नाही, तो वाढणारच होता, त्याचं शरीर फक्त उशिरा जागं झालं. आजीने पोटभर प्रथिनं घातली हे उत्तमच केलं, वाढीच्या वयात खायला नीट नसेल तर वाढ खुंटते हे खरं आहे, पण हाडात जेवढी वाढ शिल्लक आहे त्याच्यापलीकडे कुठलंही अंडं नेत नाही आणि कुठलीही पावडर तर नाहीच नाही. त्या डब्यावर खर्च करू नका, त्यापेक्षा त्याच पैशात त्याला चांगले कीपर ग्लोव्हज येतील.

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. 'हे पण दहावीपर्यंत वर्गात पहिल्या बाकावर बसायचे, अकरावी-बारावीत एकदम वाढले.' ताई, असं घराण्यात असतं. बाप उशिरा वाढलेला असेल तर पोरगाही उशिरा वाढण्याची शक्यता बरीच असते. डॉक्टर लोक एक साधा हिशोब करतात, मुलगा असेल तर आईबाबांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवायची, त्यात तेरा घालायचे आणि दोनने भागायचं. तुम्ही पाच तीन म्हणजे १६०, ते पाच नऊ म्हणजे १७५, तर उत्तर येतं १७४, साधारण पाच फूट साडेआठ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं. म्हणजे पोरगा पाच पाचवरही थांबू शकतो आणि सहा फुटालाही टेकू शकतो. मी खोटा धीर देणार नाही. पण बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन मनगटाचा एक्स-रे काढला की हाडांचं वय कळतं, पंधराच्या पोराची हाडं तेराची निघाली तर अजून बरीच वाढ बाकी आहे असं समजायचं. हे एवढं एक काम ह्याच महिन्यात करा. आणि त्या रेघा दर आठवड्याला मारणं बंद करा हो, आठवड्यात कुणाचीच उंची दिसण्याइतकी वाढत नाही, पोरगं उगीच दर रविवारी हरतंय.

बाबांसाठी झोफच्या गोष्टीतला दुसरा भाग. त्याच्या वडिलांनीही सांगितलं होतं की खेळाच्या भरवशावर राहू नको, हातात काहीतरी काम पाहिजे, आणि पोरगा मेकॅनिकचं काम शिकला, गॅरेजमध्ये राबला आणि त्याच्या जोडीला बॉल अडवत राहिला. हे मला फार मोलाचं वाटतं. वडिलांनी कामाला लावलं पण बॉल काढून घेतला नाही. तुमच्या मिस्टरांची काळजी शंभर टक्के खरी आहे, कोल्हापुरात फुटबॉलवेड घरोघरी आहे पण त्यावर घर चालवणारे किती हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार, पण काळजी खरी म्हणून फुटबॉल बंद हा उपाय बरोबर ठरत नाही. दहावीच्या वर्षात बॉल काढून घेतलेलं पोरगं त्या वाचलेल्या दोन तासांत अभ्यास करत नाही, भिंतीकडे बघत बसतं, असे कितीतरी माझ्यासमोर खुर्चीत बसून गेलेत.

पुढचं ऐका. झोफला शेवटी घेतलं ते जवळच्याच उदिनेझे क्लबने, आणि इटलीच्या पहिल्या डिव्हिजनमधली, म्हणजे सेरी आ मधली, त्याची पहिली मॅच १९६१ मध्ये फिओरेंतिनाविरुद्ध झाली. त्यात त्याने पाच गोल खाल्ले, ५-२. त्या सीझनला टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. मग १९६३ ला तो मांतोव्हा क्लबला गेला, तिथे चार वर्षं, मग १९६७ ला नापोली क्लबला. देशाकडून पहिली मॅच खेळला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, १९६८ च्या एप्रिलमध्ये बल्गेरियाविरुद्ध, आणि त्याच उन्हाळ्यात इटलीने युरोपियन चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा गोलात तोच होता. मग वाटतं ना की आता गाडी सुटली? तर १९७० च्या वर्ल्ड कपला त्याला बेंचवर बसवलं, गोलात दुसरा कीपर अल्बेर्तोसी खेळला, झोफ अठ्ठावीस वर्षांचा होऊन बाहेर बसून फायनल बघत होता.

ज्या युव्हेंटसने चौदाव्या वर्षी नको म्हणून पाठवलं होतं त्यांनी त्याला १९७२ ला घेतलं, तेव्हा तो तीस वर्षांचा. आणि त्यानंतर अकरा सीझन, लीगची एकही मॅच चुकली नाही. एकही नाही. सहा वेळा इटलीची लीग जिंकली. १९७२ ते १९७४ मध्ये देशाकडून खेळताना ११४२ मिनिटं त्याच्यावर कुणी गोल करू शकलं नाही, शेवटी १९७४ च्या वर्ल्ड कपमध्ये हैतीच्या सॅनॉनने केला.

म्हणजे गोलकीपरचं घड्याळच वेगळं चालतं, हे निवड चाचणीत कुणी सांगत नाही. स्ट्रायकर विशीत पळतो आणि तिशी ओलांडली की बऱ्याचदा मंदावतो, कीपर मात्र तिशीत पिकतो, कारण त्याचं निम्मं काम पायात नाही, डोक्यात असतं, कुठे उभं राहायचं, कधी पुढे यायचं, कोन कसा बंद करायचा. झोफ उड्या मारून टाळ्या घेणारा कीपर नव्हताच, तो आधीच बरोबर जागी उभा असायचा म्हणून बॉल त्याच्याकडे यायचा. आणि बघा, उंची कमी असलेल्या पोराला ही विद्या लवकर शिकावी लागते, दुसरा इलाजच नसतो. तुमच्या पोराने सहा वर्षं तेच केलंय. उद्या उंची आली तर ती त्याच्यावर चढेल, विद्या कुठे जात नाही.

१९७८ च्या वर्ल्ड कपमध्ये हॉलंडने लांबून मारलेले दोन गोल त्याने खाल्ले तेव्हा छत्तीस वर्षांच्या झोफला म्हातारा म्हणून पेपरवाल्यांनी धुतला. चार वर्षांनी स्पेनमधल्या वर्ल्ड कपला तो कॅप्टन होऊन गेला, वय चाळीस. पहिल्या तिन्ही मॅच बरोबरीत सुटल्या, टीका इतकी झाली की टीमने पत्रकारांशी बोलणंच बंद केलं, आणि टीमतर्फे बोलायचं काम ह्या मुळातच कमी बोलणाऱ्या माणसाकडे आलं. मग ५ जुलै १९८२, बार्सिलोना, ब्राझीलविरुद्ध. पाओलो रॉसीच्या तीन गोलांनी इटली ३-२ ने पुढे, ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती, मॅच संपत आलेली, आणि डावीकडून आलेल्या फ्री किकवर ऑस्करने हेडर मारला, खाली, कोपऱ्यात. झोफ झेपावला आणि बॉल रेषेवर दाबून धरला. हातातून सुटू दिला नाही, बॉल तिथेच धरून ठेवला, कारण थोडा जरी मागे गेला असता तरी गोल दिसला असता. ब्राझीलचे खेळाडू हात वर करून गोल मागत होते आणि हा नाही नाही करत होता. पोराला हा व्हिडिओ शोधून दाखवा, आणि उडी बघू नको म्हणावं, पकड बघ, बॉल पकडल्यानंतरचे ते दोन सेकंद बघ. तिथे उंचीचा काही संबंध नाही. सहा दिवसांनी माद्रिदला पश्चिम जर्मनीला ३-१ ने हरवून त्याने कप उचलला, वर्ल्ड कप जिंकणाऱ्यांत त्याच्याइतक्या वयाचा खेळाडू आजवर दुसरा झालेला नाही.

आता कामाचं. दहावीच्या ह्या वर्षात प्रॅक्टिस रोज नको, आठवड्यात तीन दिवस, तासभर, हे बाबांनी आणि पोराने मिळून ठरवायचं आणि दोघांनी पाळायचं. पोझिशन बदलू नये असं माझं मत आहे, पण कीपरचं पायाने खेळणं आता फार लागतं, म्हणून आठवड्यातून एक दिवस मधल्या फळीत खेळला तर फायदाच होईल. शाळेच्या खेळ शिक्षकांना भेटून सवलतीच्या गुणांसाठी त्याची कुठली स्पर्धा धरली जाते ते विचारा, अर्ज शाळेतूनच जातो आणि मुदत निघून गेली की कुणी ऐकत नाही. सगळी सर्टिफिकेटं एका फाइलला लावा, कारण राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि पुढे पडताळणीला कागदच मागतात, मेडल नाही.

अकरावीचं म्हणाल तर तुम्ही लिहिलंय की त्याला जीवशास्त्र आवडतं. मग सायन्सला बायोलॉजी ठेवा, फिजिओथेरपीचा रस्ता उघडा राहतो आणि खेळाच्या जवळच राहतो. नाही जमलं तर कुठल्याही शाखेची डिग्री आणि मग बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची डिग्री, आणि अठरा पूर्ण झाले की फुटबॉल फेडरेशनच्या कोचिंग लायसन्सची पहिली पायरी. झोफनेही खेळणं सोडल्यावर कोचिंगच केलं, १९९० ला युव्हेंटसला युएफा कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, जिंकून दिला, २००० मध्ये इटलीला युरोच्या फायनलपर्यंत नेलं. मेकॅनिकच्या कामावर परत जायची वेळ आली नाही, पण पाना धरता येत होता.

आणि पुढच्या वर्षीच्या चाचणीला त्याला परत जाऊ द्या, कीपर म्हणूनच. जाताना बाबांनी बरोबर जावं, गेल्या वेळी तो एकटाच बसने परत आला होता ना.

एक्स-रेचा रिपोर्ट आला की मला पाठवा, डॉक्टर काय म्हणाले तेही लिहा. चौकटीवरची पुढची रेघ आता तीन महिन्यांनी, आणि ह्या वेळी ती बाबांना मारायला सांगा.